भातकापणीसाठी जपानला जाताना शेतकऱ्याचा विचार आधी व्हावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जपानमधील शेतांवर स्वयंसेवक म्हणून राहण्याविषयीचा लेख आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत वाचला. दिवसातले काही तास शेतात मदत करायची, त्या बदल्यात राहण्याजेवणाची सोय होते आणि हॉटेलचा खर्च वाचल्यामुळे महागडा जपान आवाक्यात येतो, असा त्या लेखाचा एकूण सूर होता. मी गेली अनेक वर्षे टोकियोजवळ नोकरीनिमित्त राहतो आणि शरद ऋतूत नीगाता प्रांतातील एका डोंगराळ वाडीत भातकापणीला जातो. माझे घराणे रायगड जिल्ह्यातले, पिढ्यान्पिढ्या भातशेती करणारे. लेखातील बरीचशी माहिती बरोबर होती. पण ज्याच्या घरी हे तरुण जाऊन राहणार, तो शेतकरी त्यात कुठेच दिसला नाही आणि ही उणीव मला फार जाणवली. कापणी हा त्या घराच्या दृष्टीने वर्षातला सर्वांत नाजूक काळ असतो. तेथे जाणाऱ्याने आपल्या प्रवासाची आखणी त्या घराच्या कामाभोवती करावी, सहलीच्या कार्यक्रमात जागा उरेल तेथे शेताला बसवू नये, एवढेच माझे सांगणे आहे. ते तसे का, हे मात्र जरा विस्ताराने सांगावे लागेल.

जपानच्या खेड्यात आज शेत कोण कसते, हे आधी पाहू. शेती हाच मुख्य व्यवसाय असलेल्या आणि प्रत्यक्ष शेतात राबणाऱ्या माणसांची संख्या २००० साली सुमारे २४ लाख होती. २०२० च्या कृषिगणनेत ती १३ लाख ६३ हजार भरली आणि २०२४ पर्यंत ११ लाखांच्या आसपास उतरली. २०२४ मध्ये या माणसांचे सरासरी वय ६९ वर्षांच्या घरात होते. मी जातो त्या वाडीत पंचाहत्तरी ओलांडलेली माणसे अजून यंत्र चालवतात आणि त्यांच्याहून लहान माणूस शोधावा लागतो. मुले आणि नातवंडे टोकियो, नागोया, ओसाका अशा शहरांत आहेत. ऑगस्टच्या मध्यावर पितरांच्या स्मरणाचा ओबोन हा सण येतो, तेव्हा ती हमखास घरी येतात आणि चार दिवस वाडी गजबजते. कोकणातला चाकरमानी गणपतीला गावी येतो, त्याची आठवण मला दर वेळी होते. कारण अडचण दोन्हीकडे एकच आहे. सण आटोपून माणसे शहरात परततात आणि भात पिकते ते त्यानंतर.

ही परिस्थिती केवळ वयामुळे आलेली नाही. १९६२ साली जपानी माणूस वर्षाला सरासरी ११८ किलो तांदूळ खात असे. आता हे प्रमाण ५० किलोच्या आसपास आले आहे. एकीकडे यंत्रे, खते आणि सुधारित वाण यांमुळे उत्पादन वाढत गेले, दुसरीकडे पाव, शेवया आणि मांस यांनी ताटातली जागा व्यापली, आणि सरकारी गोदामांत तांदूळ साठत राहिला. म्हणून १९७० पासून भाताखालचे क्षेत्र घटवण्यासाठी सरकार शेतकऱ्याला पैसे देऊ लागले. ही पद्धत २०१८ मध्ये औपचारिकरीत्या थांबली. पण दरम्यानच्या जवळजवळ अर्ध्या शतकात डोंगरातली खाचरे सर्वांत आधी सोडून दिली गेली, कारण तेथे कष्ट जास्त आणि उतारा कमी. मग २०२४ च्या ऑगस्टमध्ये दुकानांतून तांदूळ दिसेनासा झाला. २०२५ च्या मे महिन्यात ५ किलोच्या पिशवीचा सरासरी भाव ४,२०० येनांच्या वर, म्हणजे आदल्या वर्षीच्या दुप्पट झाला. सरकारला आणीबाणीसाठी राखलेला साठा बाजारात आणावा लागला आणि ‘मला तांदूळ कधी विकत घ्यावा लागत नाही’ अशा अर्थाचे जाहीर विधान केल्यामुळे कृषिमंत्री ताकु एतो यांना राजीनामा द्यावा लागला. इतक्या वर्षांनी पिकाला बरा भाव मिळाल्याचे समाधान माझ्या ओळखीच्या शेतकऱ्यांना जरूर झाले, पण भाव दुप्पट झाला म्हणून पंचाहत्तरीच्या माणसाला आणखी दोन खाचरे कसता येत नाहीत. जपानच्या भातशेतीचा आजचा पेच इथे आहे आणि कापणीच्या स्वयंसेवकाची गरजही इथूनच सुरू होते.

ही गरज सगळीकडे सारखी नाही, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. १९६० च्या सुमारास जपानमध्ये १० आर भाताला पेरणीपासून कापणी-मळणीपर्यंत सुमारे १७० तास माणसाचे काम लागत असे. १० आर म्हणजे जवळजवळ आपले १० गुंठे. आज तेवढ्याच क्षेत्राला सरासरी २५ तासही लागत नाहीत, कारण सपाटीवरच्या चौकोनी, मोठ्या शेतात कंबाइन यंत्र कापणी आणि मळणी एका फेरीत उरकते. तेथे हौशी माणूस गेला तर तो अडथळाच ठरतो. डोंगरउतारावरच्या पायऱ्यापायऱ्यांच्या खाचरांचे, ज्यांना तेथे ‘तानादा’ म्हणतात, चित्र वेगळे आहे. काही खाचरे एखाद्या खोलीएवढी असतात, बांध वळणावळणाचे आणि वाट एका माणसापुरती. यंत्र तेथे एक तर पोचत नाही किंवा पोचले तरी वळत नाही. मिए प्रांतात कुमानोजवळ मारुयामा येथे १६०१ सालच्या नोंदीत २,२४० खाचरे होती. १९९० च्या दशकाच्या आरंभी त्यांतली साधारण ५३० उरली होती. गावकऱ्यांनी संघटना उभारली, नगरपालिकेने संरक्षणाचा खास नियम केला, शहरातील लोकांना सहभागी करून घेतले आणि आज तेथे पुन्हा १,३४० खाचरांत भात उभे राहते. हे काम माणसांच्या हातांवाचून होण्यासारखे नव्हते.

आता कापणीच्या वेळेविषयी. भात निसवल्यापासून, म्हणजे लोंब्या बाहेर पडल्यापासून, साधारण चाळीस दिवसांनी, लोंबीतले ८५ ते ९० टक्के दाणे पिवळे झाले की कापणीची वेळ येते. त्याआधी कापले तर दाणा हिरवा आणि अपुरा भरलेला राहतो. उशीर झाला तर दाण्याला आतून तडा जातो आणि भरडताना त्याची कणी होते. म्हणजे एकेका खाचराला हाती मिळतो तो आठवडाभराचा, फार तर दहा दिवसांचा अवधी, आणि तोही ऐन वादळांच्या हंगामात. नीगाताचे नाव ज्या कोशिहिकारी वाणामुळे झाले, तो १९५६ साली नोंदला गेलेला वाण चवीला उत्तम, पण उंच वाढणारा आणि वाऱ्यापावसात चटकन लोळणारा आहे. भात लोळले आणि लोंब्या ओल्या मातीला टेकल्या, की दोन-चार दिवसांत उभ्या पिकाला कोंब फुटू लागतात. खाचरातले पाणी दहाएक दिवस आधी सोडून जमीन टणक करून ठेवलेली असते. एका रात्रीच्या पावसाने ती पुन्हा चिखल होते. त्यात आता उष्म्याची भर पडली आहे. २०२३ चा उन्हाळा जपानमध्ये विक्रमी ठरला, तेव्हा नीगातातील कोशिहिकारीपैकी जेमतेम ५ टक्के तांदूळ पहिल्या प्रतीचा ठरला; एरवी हे प्रमाण सत्तर टक्क्यांच्या पुढे असते. दाणे दुधाळ पांढरे पडले, वजन भरले तरी प्रत गेली. अशा दिवसांत घरधन्याची नजर सतत आभाळाकडे आणि हवामानाच्या अंदाजाकडे लागलेली असते. तुमच्या परतीच्या तिकिटाची तारीख त्याला विचारात घ्यायला लावणे बरोबर नाही.

प्रत्यक्ष कामाचे स्वरूपही सांगितले पाहिजे, कारण छायाचित्रांत फक्त सोनेरी शेत दिसते. सकाळी दव असते. ओले भात यंत्रात घातले तर ते अडकते आणि दाणाही नीट वाळत नाही, म्हणून यंत्राचे काम नऊ-दहाच्या आधी सुरू होत नाही. त्याआधी माणसांनी खाचराचे चारही कोपरे विळ्याने कापून ठेवायचे असतात, म्हणजे यंत्राला वळायला जागा होते. विळा दातेरी असतो. डाव्या हाताने चूड, म्हणजे भाताचा झुबका, मुठीत धरायचा, अंगठा वरच्या दिशेला ठेवायचा, कारण तो खाली राहिला तर पात्याच्या वाटेत येतो, आणि जमिनीपासून थोडे वर एका ओढीत कापायचे. असे तीन-चार चूड एकावर एक किंचित तिरपे, फुलीसारखे ठेवले की पेंढीचा आकार येतो. मग कमरेला खोवलेल्या गेल्या वर्षीच्या पेंढ्यातल्या चार-पाच काड्या काढून पेंढीभोवती दोनदा आवळून फिरवायच्या, टोकांना पीळ द्यायचा आणि तो पीळ अंगठ्याने बंधाखाली खुपसायचा. गाठ मारायची नसते. पेंढी वाळताना आक्रसते. बंध तेव्हा सैल असला तर ती मांडवावरून सुटून खाली येते आणि दाणे जमिनीवर जातात. शिकणाऱ्याच्या पेंढ्या घरातली म्हातारी बाई मुकाट्याने पुन्हा बांधत बसलेली मी पुष्कळदा पाहिली आहे. म्हणूनच पहिल्या दिवशी कापण्याची घाई न करता बांधायला नीट शिकावे, असे मी प्रत्येक नवागताला सांगतो.

या पेंढ्या उन्हावाऱ्यात वाळवण्यासाठी बांबूचा किंवा लाकडाचा आडवा मांडव असतो. नीगाताकडे त्याला ‘हासा’ म्हणतात. काही ठिकाणी तो सात-आठ पदरी, घराच्या छपराएवढा उंच असतो. एक जण शिडीवर चढतो, दुसरा खालून पेंढी नेमकी त्याच्या हातात फेकतो, वरचा ती दुभंगून बांबूवर पालथी घालतो. एका पेंढीचा जाड भाग पुढे, तर शेजारचीचा मागे, म्हणजे जास्त पेंढ्या दाटीने बसतात. कापताना दाण्यात २० ते २५ टक्के ओलावा असतो, तो दोनेक आठवड्यांत १५ टक्क्यांच्या आसपास आला की मळणी होते. यंत्राच्या भट्टीत हेच काम रात्रभरात होते. तरीही डोंगरातली कुटुंबे घरच्या खाण्यासाठी आणि ठरलेल्या गिऱ्हाइकांसाठी हासावरचा तांदूळ राखतात. त्याची चव अधिक चांगली लागते असे ते म्हणतात आणि मलाही तसेच वाटते. शिवाय मांडवावर वाळलेला सरळ, लांब पेंढा हाती राहतो. कंबाइन मात्र तो शेतातच बारीक चिरून टाकते. हासा हे असे काम आहे की त्याला खरोखरच माणसे लागतात: खालून फेकणारा, वर अडकवणारा, वाहून आणणारा आणि सांडलेल्या लोंब्या वेचणारा. स्वयंसेवकाचा खरा उपयोग इथे, आणि लोळलेले भात हाताने उचलून कापण्यात आहे. कंबाइन, वाळवणी आणि भरडणी यांत त्याने हात घालू नये. भरडलेल्या तांदळाच्या ३० किलोच्या कागदी पोत्यांची थप्पी लावायला मात्र तरुण पाठ मिळाली, तर म्हाताऱ्या शेतकऱ्याला फार बरे वाटते.

सकाळी दहाला आणि दुपारी तीनला काम थांबते. बांधावर बसून चहा, लोणची, कापलेले नासपती आणि भाताचे मुटके असे खाणे होते आणि गावच्या गप्पा होतात. शरद संपाताच्या, म्हणजे दिवस-रात्र समान असण्याच्या, त्या दिवसांत बांधावर हिगानबानाची तांबडी फुले उमललेली असतात. त्यांचे कंद विषारी असल्याने उंदीर-चिचुंद्र्यांनी बांध पोखरू नयेत म्हणून पूर्वजांनी ती लावली, असे गावकरी सांगतात. हा वेळ मला मनापासून आवडतो. पण तो चहा आणि ते खाणे कोणी तरी करून आणलेले असते, याकडे मला वाचकांचे लक्ष वेधायचे आहे. स्वयंसेवकाला ‘मोफत’ मिळणारे जेवण बहुतेक घरांत त्या घरची बाई रांधते आणि ती स्वतःही दिवसभर शेतात असते. तिला जेवणाऱ्यांची संख्या आठवडाआधी कळावी लागते. शाकाहारी मराठी माणसाने तर हे विशेष ध्यानात ठेवावे: जपानी रस्सा, भाज्या, लोणची, जवळजवळ सगळ्यांत माशाचा अर्क असतो. आल्यावर ताटावर बसून हे सांगितले, तर त्या बाईला ऐन गर्दीत दुसरा स्वयंपाक करावा लागतो. काय चालत नाही ते पत्रातच स्पष्ट कळवावे, डाळ आणि मसाला बरोबर न्यावा आणि एका संध्याकाळी सगळ्या घराचा स्वयंपाक आपण करावा. मी ज्यांच्याकडे जातो त्या ओकासाननी, म्हणजे घरच्या आईने, वरणभाताबरोबर आपला स्वतःचा नवा तांदूळ खाऊन पाहिला आणि दुसऱ्या दिवशी फोडणीची कृती लिहून घेतली. अशा देवघेवीने घराला ओझे होत नाही.

सुरक्षिततेबद्दल थोडक्यात लिहितो. सप्टेंबर-ऑक्टोबर हा मोठ्या गांधीलमाश्यांच्या आक्रमकपणाचा काळ असतो, पेंढ्यांच्या ढिगाखाली मामुशी हा विषारी साप दडलेला असू शकतो, आणि अलीकडे अस्वले वस्तीपर्यंत येतात. जपानमध्ये शेतीकामात अपघाती मृत्यू येणाऱ्यांत बहुसंख्य ६५ वर्षांवरील असतात आणि यंत्र उलटणे हे त्याचे एक मोठे कारण आहे. उतारावर यंत्र चालू असताना त्याच्या खालच्या बाजूला कधीही उभे राहू नये. अपघात विमा काढल्याशिवाय कोणीही जाऊ नये. पाहुणा जखमी झाला तर यजमान कापणी सोडून त्याला डोंगरातून इस्पितळात नेतो, तो पूर्ण दिवस वाया जातो आणि त्या दिवसानंतर पाऊसही येऊ शकतो.

लेखात ज्या गोष्टीचा उल्लेखच नव्हता, ती म्हणजे कायदा. भारतीय पारपत्रधारकाला जपानसाठी व्हिसा लागतो आणि अल्पकालीन भेटीच्या व्हिसावर मोबदल्याचे काम करता येत नाही. १९७१ साली इंग्लंडमध्ये सू कॉपर्ड यांनी शहरी माणसांना शनिवार-रविवारी सेंद्रिय शेतांवर मदतीला नेण्यासाठी जी चळवळ सुरू केली आणि जी पुढे ‘वूफ’ या नावाने जगभर पसरली, तिच्यात यजमान आणि स्वयंसेवक यांच्यात पैशांची देवघेव होत नाही. मात्र कामाच्या बदल्यात निवास आणि भोजन हा मोबदला धरायचा का, आणि प्रवेश द्यायचा का, याचा निर्णय शेवटी तेथील अधिकाऱ्यांचा असतो. म्हणून अर्जात भेटीचा हेतू खरा लिहावा आणि शंका असेल तर आधी जपानी वकिलातीला विचारावे. अनेक पाश्चात्त्य तरुण ‘वर्किंग हॉलिडे’ नावाच्या व्हिसावर येऊन शेतात काम करतात. तो करार भारताशी झालेला नाही, त्यामुळे त्यांच्या अनुभवांवरून आपल्या मुलांनी अंदाज बांधू नये. ज्यांना शेतीत पगारी काम करायचे आहे, त्यांच्यासाठी ‘विशिष्ट कौशल्य’ हा वेगळा मार्ग आहे. त्यासाठी भारत आणि जपान यांच्यात जानेवारी २०२१ मध्ये करार झाला असून त्यात शेतीचा समावेश आहे. त्याला जपानी भाषेची आणि कौशल्याची परीक्षा द्यावी लागते. स्वयंसेवा आणि नोकरी यांची सरमिसळ करून कोणी दलाल पैसे मागत असेल, तर त्याच्यापासून दूरच राहावे.

जपानमध्ये आधीच राहणाऱ्या मराठी मंडळींना मात्र मी आग्रहाने सुचवीन की त्यांनी खाचराच्या वार्षिक ‘मालकी’च्या योजनेत सहभागी व्हावे. १९९२ मध्ये कोची प्रांतातल्या युसुहारा येथे सुरू झालेली ही पद्धत आता अनेक ठिकाणी चालते. वर्षाची ठरावीक रक्कम भरायची, ती बहुधा दहा हजार येनांच्या काही पट असते. त्या बदल्यात एक लहान खाचर तुमच्या नावे लागते. लावणी, बांधावरचे गवत काढणे, कापणी आणि मळणी यांसाठी ठरलेल्या दिवशी यायचे, पाण्याचे रोजचे राखण गावकरी करतात आणि पिकलेला तांदूळ तुमचा. टोकियोपासून सकाळी निघून पोचता येईल अशा चिबा प्रांतातील कामोगावा येथे ओयामा सेनमाइदा नावाची ३७५ खाचरे आहेत, निव्वळ पावसाच्या पाण्यावरची, आणि तेथे ही योजना २००० सालापासून चालू आहे. मला यातला व्यवहाराचा भाग फार रास्त वाटतो. येणारा पैसे भरून येतो, कामाचे दिवस शेतकरी ठरवतो, आणि जो वसंतात रोपे लावून गेला तोच शरदात कापायला येतो, त्यामुळे दर वेळी नवशिक्याला पहिल्यापासून शिकवावे लागत नाही. नीगातातील तोकामाचीच्या डोंगरातही खाचर दत्तक घेण्याची अशीच सोय आहे.

अशा जोडलेल्या माणसांचे मोल नोतो द्वीपकल्पात दिसले. तेथील शिरोयोने सेनमाइदा ही समुद्रापर्यंत उतरत जाणारी १,००४ खाचरे, २०११ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने कृषिवारसा म्हणून मान्य केलेल्या प्रदेशातली. १ जानेवारी २०२४ च्या भूकंपाने बहुतेक खाचरांना भेगा पडल्या, पाणी ठरेना. स्वतःची घरे पडलेली असताना गावच्या लोकांनी आणि बाहेरून आलेल्या मदतनिसांनी फावड्याने भेगा बुजवून त्या वर्षी सुमारे १२० खाचरांत लावणी केली. त्याच सप्टेंबरात अतिवृष्टीने पुन्हा दरडी कोसळल्या, तरी पुढच्या वर्षी त्याहून जास्त खाचरे लागवडीखाली आली. हे काम एका मोसमाच्या पाहुण्यांच्या आवाक्यातले नव्हते.

आपल्याला यातले काहीच परके वाटू नये. कोकणात सावड होती, देशावर इर्जिक होते. जपानी खेड्यातही एकमेकांच्या कापणीला जाण्याची तशीच रीत होती आणि माणसे उरली नाहीत म्हणून ती मोडली. भारतात १९५० च्या दशकात ‘जपानी पद्धतीच्या भातलागवडी’चा मोठा प्रसार झाला, तेव्हा आपल्या वाडवडिलांनी ओळीत रोपे लावणे तिथल्या अनुभवावरून उचलले. दातेरी वैभव विळा तर आज कोकणात घरोघर आहे, त्यामुळे आमच्याकडच्या मुलाला जपानी विळा हातात घेताच अवघड वाटत नाही. रायगड-रत्नागिरीत पडीक पडत चाललेल्या खाचरांसाठी वार्षिक मालकीची योजना एखाद्या ग्रामपंचायतीने करून पाहावी, असे मला फार वाटते. मुंबई-पुण्यात राहणारे भावकीतले लोकच पहिले सदस्य होऊ शकतील आणि ऑक्टोबरातल्या कापणीला त्यांची रजा आधीच ठरलेली असेल. पण तो स्वतंत्र पत्राचा विषय आहे.

आपल्याकडे माझी विनंती अशी की, मूळ लेखाला जोड म्हणून व्हिसाविषयीची नेमकी माहिती जपानी वकिलातीकडून घेऊन प्रसिद्ध करावी, आणि कापणीला जाऊ इच्छिणाऱ्यांना पुढील गोष्टी कळवाव्यात. नीगाताच्या डोंगरात कापणी साधारण सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या आरंभापर्यंत चालते. यजमानाला वसंतातच लिहावे, निदान दोन आठवडे सलग देता येत असतील तरच लिहावे, आणि पावसामुळे काम पुढे गेले तर थांबता यावे म्हणून परतीच्या आधी काही दिवस मोकळे ठेवावेत. वार्षिक मालकीच्या योजनांचे अर्ज बहुतेक ठिकाणी हिवाळ्यात स्वीकारले जातात. पत्र जपानी भाषेत, निदान सोप्या वाक्यांत, लिहिले तर उत्तर येण्याची शक्यता बरीच वाढते. यजमान वृद्ध असतात आणि इंग्रजी मजकूर वाचून देणारे नातवंड त्यांच्या जवळ नसते.

कळावे,
आपला नम्र,
एक वाचक
(मूळ रायगड जिल्हा, सध्या सायतामा, जपान)